रुंदपडदा डीव्हीडी
रुंद चौकटीचा चित्रपट डीव्हीडीवर साठवण्याची पद्धत. भारतातल्या पाल प्रणालीच्या डीव्हीडीवर चित्राला ७२० × ५७६ बिंदू मिळतात. चित्रपट कितीही रुंद असला तरी ही शिदोरी वाढत नाही. लेटरबॉक्स पद्धतीत चित्र ४:३ चौकटीत बसवून वर-खाली काळ्या पट्ट्या सोडतात. २.३५:१ प्रमाणाच्या सिनेमास्कोप चित्रपटाला मग ५७६ पैकी जेमतेम ३२७ ओळी उरतात. ॲनामॉर्फिक पद्धतीत चित्र आडवे आवळून नोंदवतात आणि दाखवताना ते १६:९ आकारात पसरते. त्याच चित्रपटाला सुमारे ४३६ ओळी मिळतात.

जुन्या ट्यूबच्या लहान टीव्हीवर हा फरक फारसा जाणवत नसे. १९२० × १०८० बिंदूंच्या एचडी पडद्यावर लेटरबॉक्स चित्र झूम करावे लागते आणि चेहऱ्यांच्या कडा विरघळतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या, धुळ्याजवळच्या सोनगीरच्या कारागिरांना हे वेगळे सांगायला नको: धातू तेवढाच ठेवून भांडे ठोकून रुंद केले, की पत्रा पातळ होतो. अपस्केलिंग करणारा प्लेअर मधले बिंदू अंदाजाने भरतो, हरवलेला तपशील परत आणत नाही.

वेष्टनावर ‘ॲनामॉर्फिक’ किंवा ‘१६:९’ ही नोंद पाहूनच डीव्हीडी घ्यावी आणि प्लेअरमध्येही टीव्हीचा आकार १६:९ निवडावा.