बर्गेनची नोंदवही

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बहुतेक भागांतून कुष्ठरोग ओसरला होता. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांत आणि शेतकऱ्यांत मात्र तो टिकून होता. बर्गेन शहरात या रुग्णांसाठी अनेक रुग्णालये होती. तिथल्याच रुग्णांना वर्षानुवर्षे तपासून डॅनिएलसेन आणि बोएक या दोन डॉक्टरांनी १८४७ मध्ये या रोगाचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अंगावर गाठी येणारा आणि त्वचा बधिर करणारा असे रोगाचे दोन प्रकार त्यांनी नीट वेगळे केले. त्यांचे निदान अचूक होते, पण कारणाबाबत ते चुकले. रोग आनुवंशिक आहे, असे डॅनिएलसेन यांचे ठाम मत होते.

१८५६ मध्ये नॉर्वेने देशभरातल्या कुष्ठरुग्णांची नोंदवही सुरू केली. एकाच रोगाच्या रुग्णांची अशी राष्ट्रीय नोंद त्यापूर्वी कुठेही झालेली नव्हती. कोण कुठे राहतो, घरात आणखी कोणाला रोग आहे, हे गावोगावचे डॉक्टर लिहून काढत. डॅनिएलसेन यांचे जावई गेऱ्हार्ड आर्माउअर हान्सेन यांना सासऱ्यांच्या मताविरुद्ध पुरावा याच नोंदींत सापडला. रोग रक्तातून उतरत नव्हता, सहवासातून पसरत होता. १८७३ मध्ये रुग्णांच्या गाठींतील द्रवात त्यांना काडीसारखे सूक्ष्म जंतू दिसले. पुढे १८८८ मध्ये ते अमेरिकेतही गेले. तिथे स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन रुग्णांच्या मुला-नातवंडांत त्यांना हा रोग आढळला नाही. आनुवंशिकतेचा सिद्धान्त त्यामुळे आणखी कमकुवत झाला.

जंतू दिसला, तरी तोच रोगाचे कारण आहे हे सिद्ध करणे अवघड होते, कारण प्रयोगशाळेत तो वाढेना. (कृत्रिम माध्यमात तो आजही वाढत नाही, उंदराच्या पंजात तो वाढवता आला तो थेट १९६० मध्ये.) या अडचणीतून १८७९ मध्ये हान्सेन यांनी एक अक्षम्य पाऊल उचलले. बधिर करणाऱ्या प्रकारच्या एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात त्यांनी दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. तिची संमती घेतली नव्हती, हेतूही सांगितला नव्हता. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० मध्ये हान्सेन यांचे रुग्णालयातले पद गेले. देशाचे कुष्ठरोग अधिकारी म्हणून मात्र ते कायम राहिले. प्रयोगातून काहीच सिद्ध झाले नाही. पण रुग्णालयात आश्रयाला असलेल्या बाईचे म्हणणे न्यायालयाने एका नामवंत संशोधकाविरुद्ध ग्राह्य धरले, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात जंतूच्या शोधाइतकीच मोलाची आहे.

बर्गेनचा हा अभ्यास मुंबई इलाख्यातही पोचला, तो हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांच्यामुळे. ‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत होते आणि काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. १८७३ मध्ये नॉर्वेला जाऊन त्यांनी तिथली रुग्णालये आणि नोंदींची पद्धत पाहिली व पुढच्या वर्षी त्यावर अहवाल लिहिला. परतल्यावर काठेवाडात त्यांनी कुष्ठरुग्णांची पाहणी केली.

कार्टर यांचा भर रुग्णांना वेगळे ठेवण्यावर होता. औषध नसलेल्या काळात तो समजण्यासारखा असला, तरी त्या विलगीकरणाची झळ असंख्य कुटुंबांनी सोसली. हिंदुस्थानात १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात ठेवण्याची तरतूद केली. गुणकारी सल्फोन औषधे हाती यायला त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ जावा लागला.