लीळांची जोडणी : रिद्धपूर येथील एक सामुदायिक चरित्ररचना

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठी वाङ्मयेतिहासात 'आद्य चरित्रग्रंथाचे जन्मस्थान' म्हणून नोंदले जाते आणि बहुधा तेथेच ही नोंद थांबते. म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले, हा ग्रंथ गद्यात आहे, त्याची भाषा यादवकालीन बोलीला जवळची आहे, एवढी विधाने पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या पुढे चालत आली. परंतु हा ग्रंथ कसा 'घडला', त्याच्या घडण्याची पद्धती ही त्याच्या रूपाचीच एक बाजू आहे काय, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच गांभीर्याने हाताळला आहे.

चक्रधरांचे उत्तरापंथे गमन झाल्यावर त्यांचा शिष्यपरिवार नागदेवाचार्यांसमवेत रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सन्निधानी येऊन राहिला. गुरूच्या वियोगाने व्याकूळ झालेला हा समुदाय होता. त्यात विद्वान ब्राह्मण होते, संसार टाकून आलेल्या स्त्रिया होत्या, विधवा होत्या. ज्याचे नाव, रूप, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण करावयाचे तो समोर नाही, म्हणून स्मरण हीच त्यांची नित्याची साधना झाली होती. परंपरा सांगते की, नागदेव असेच स्मरणात गढलेले असता म्हाइंभटाने विचारणा केली आणि त्यातून लीळा लिहून ठेवण्याचा विचार निघाला. हे काम रिद्धपूरच्या वाजेश्वरीत बसून झाले. म्हणजे ग्रंथाच्या मुळाशी वाङ्मयीन महत्त्वाकांक्षा नाही. हानीची जाणीव आहे. जे प्रत्येकाच्या जवळ थोडेथोडे उरले आहे ते सर्वांचे मिळूनही पूर्ण होणार नाही, ही जाणीव या ग्रंथाच्या पानापानांत जाणवते.

म्हाइंभट मूळचा सराळ्याचा, संपन्न घरचा शास्त्री. चक्रधरांना वादात जिंकावे या अहंतेने तो आला होता, हे सर्वश्रुत आहे. अशा पंडिताने चरित्र लिहावयास घेतले असता संस्कृत चरित्रकाव्यांचा आदर्श त्याच्यापुढे सहज उभा राहिला असता. त्याने तो बाजूस ठेवला. जो ज्या प्रसंगी उपस्थित होता त्याच्याकडून तो प्रसंग ऐकावा, नागदेवांकडून पडताळून घ्यावा आणि छोटेसे शीर्षक देऊन टिपून ठेवावा, ही त्याची रीत. प्रसंग कोठे घडला, त्या गावाचे, पुष्कळदा त्या देवळाचे नाव येते. कोण बसले होते, कोणी काय विचारले, चक्रधरांनी काय उत्तर दिले, एवढे सांगून लीळा संपते. एका लीळेतून दुसरीत जाण्यासाठी निवेदक पूल बांधीत नाही. दोन लीळांमधील मोकळी जागा तो मोकळीच ठेवतो.

या रचनेला 'विस्कळीत' म्हणण्याची प्रथा आहे. किंबहुना, कच्ची सामग्री म्हणून तिचा गौरव करावा आणि यादवकालीन समाजाची माहिती काढून घेऊन ग्रंथ मिटावा, अशीच अभ्यासकांची वहिवाट राहिली. पाश्चात्त्य चित्रकलेतील एक घटना येथे उपयोगी पडेल. १९१२ साली पिकासोने वेताच्या विणकामाचा ठसा असलेल्या मेणकापडाचा तुकडा चित्रफलकावर चिकटविला आणि 'कोलाज' ही संज्ञा आधुनिक कलाविचारात रूढ झाली. त्या तुकड्याचे वैशिष्ट्य असे की, चित्रात सामील होऊनही तो आपले पूर्वायुष्य सोडीत नाही. तो मेणकापडच राहतो. लीळेचेही असेच आहे. ती चक्रधरांच्या चरित्रात बसविली जाते, तरी ज्याने ती सांगितली त्याच्या आयुष्याचा तुकडाही राहते. महदाइसा ही नागदेवांची चुलत बहीण, बालविधवा. तिची जिज्ञासा पंथात प्रसिद्ध आहे. तिने विचारलेल्या प्रश्नांच्या लीळा एकत्र वाचल्या तर त्यांतून चक्रधरांचे तत्त्वज्ञान जेवढे कळते, तेवढेच तेराव्या शतकातील एका बुद्धिमान स्त्रीचे मनही कळते. आपले आत्मचरित्र सांगण्याची सोय तिला त्या काळात कोठे होती? गुरूची गोष्ट सांगता सांगता ती आपली गोष्ट सांगून गेली.

'एकांक' या पहिल्या विभागात हा गुंता आणखी वाढतो. चक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीच्या या काळाला शिष्यांपैकी कोणीही साक्षी नव्हता. जे आहे ते चक्रधरांनी पुढे आपल्या परिवाराला प्रसंगाप्रसंगाने सांगितलेले. म्हणजे मूळचे आत्मकथन, श्रोत्यांच्या स्मृतीत राहिलेले, नागदेवांनी पडताळलेले, म्हाइंभटाने लिहिलेले. निवेदनशास्त्राच्या अलीकडच्या परिभाषेत निवेदकांचे असे थर मोजण्याची हौस असणाऱ्यांना रिद्धपूरला यावयास हरकत नाही.

तथापि या सामुदायिकतेचे भाबडे कौतुकही करता येत नाही. प्रत्येकाला सांगण्याची मुभा होती, परंतु मान्यतेचा अधिकार नागदेवांकडे होता. स्त्रियांनी सांगितले, लेखणी मात्र पुरुषाच्या हाती राहिली. गोविंदप्रभूंच्या चरित्रात मातंगांच्या विहिरीचा प्रसंग आहे, पण तो मातंगांच्या तोंडून नव्हे, शिष्यांच्या तोंडून येतो. कोणाचे तुकडे जोडणीत आले आणि कोणाचे आलेच नाहीत, हे विचारल्यावाचून या ग्रंथाची थोरवी सांगणे अर्धवट ठरते. याच्या उलट बाजूची आठवणही ठेवावी लागते. केशोबासाने संस्कृतात लिहू पाहिले असता, त्याने आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील म्हणून नागदेवांनी त्यास परावृत्त केले. ज्यांच्या स्मरणावर ग्रंथ उभा आहे त्यांनाच तो कळला पाहिजे, हा हिशेब त्या नकारात आहे.

वऱ्हाडात साडेसहाशे वर्षांनी अशीच सामग्री पुन्हा साचली. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले आणि अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे आजोळी वाढलेले गाडगेबाबा स्वतः काही लिहून गेले नाहीत. चिंध्यांचे ठिगळ जोडलेल्या वेषामुळे त्यांना गोधडेबुवा असेही म्हणत. त्यांचे आयुष्यही आठवणींच्या रूपाने गावोगाव विखुरलेले होते. प्रबोधनकार ठाकरे यांच्या १९५२ च्या चरित्रात मात्र लेखकाचा स्वर ठसठशीत आहे आणि आठवणी त्या स्वरात विरघळतात. आधुनिक चरित्रकाराला शिवण दिसलेली चालत नाही. वाकळ शिवणाऱ्या बाईला ती लपविण्याचे कारण नसते.

लीळाचरित्रातील शिवण सर्वांत स्पष्ट दिसते ती त्याच्या पुनर्रचनेत. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि पंथीयांनी तिला स्मरणातून पुन्हा उभे केले, असे परंपरा सांगते. एकाची स्मृती दुसऱ्याहून वेगळी निघाली तेव्हा निवाडा करून एक पाठ ठेवणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. हिराइसेचे म्हणणे असे, रामेश्वरबासांचे असे, परशरामबासांचे असे, हे भेद नावानिशी नोंदले गेले. अशा पाठभेदास 'वासना' हा शब्द वापरात आला. स्मृतीला चिकटून राहिलेला वास, असा त्याचा अर्थ घेतला तर तो फारसा चुकणार नाही.

आधुनिक संपादनाची अडचण नेमकी येथे सुरू होते. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते या तिघांनी या ग्रंथासाठी केलेले श्रम अपार आहेत. परंतु पाठचिकित्साशास्त्र शुद्ध मूळ प्रत शोधते, आणि या ग्रंथात तर अनेक तोंडे हेच मूळ आहे. कोलते यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातील काही लीळांना पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतले आणि तिची विक्री थांबवावी लागली. त्या वादात एका बाजूला संशोधनस्वातंत्र्य व दुसऱ्या बाजूला श्रद्धा अशी सरळ विभागणी झाली. वासना या संकल्पनेत आक्षेपार्ह पाठालाही सांगणाऱ्याच्या नावासह जागा मिळू शकते, हा पंथाच्याच परंपरेतील मार्ग दोन्ही पक्षांच्या लेखी फारसा नव्हता.

आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्याचा कायदा २०२३ साली झाला. तेथे लीळाचरित्राची नवी आवृत्ती कधी सिद्ध झालीच, तर हिराइसेचा पाठ तळटीपेत छापावयाचा की पानाच्या मध्यभागी, हे संपादकाला पहिल्याच दिवशी ठरवावे लागेल.