हवाई छत्री आणि मराठा पलटण

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईस मुकुंदराजांच्या समाधीच्या दर्शनास जो गेला असेल, त्यास तेथील दरीच्या काठावरून खाली डोकावताना तळपायांतून वर चढणारी शिरशिरी आठवत असेल. त्या दरीहून कितीतरी अधिक, हजार फुटांची पोकळी पायांखाली असता विमानाच्या उघड्या दारातून बाहेर पाऊल टाकावयाचे, हे ज्यांचे नेमून दिलेले काम, अशा शिपायांची एक पलटण मूळची मराठ्यांची आहे. श्रोतेहो, तिची हकीकत सांगताना मी तिच्या लढायांपेक्षा एकाच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहे. छत्री उघडली नाही तर काय?

हा प्रश्न छत्रीइतकाच जुना. 22 ऑक्टोबर 1797 रोजी पॅरिस शहरात गार्नेरँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने बलूनमधून उंच जाऊन कापडी छत्रीसह स्वतःला सोडून दिले. छत्री उघडली, परंतु घड्याळाच्या लंबकासारखी इतके झोके घेऊ लागली की खाली पोचेपर्यंत बिचाऱ्याच्या पोटात ढवळून निघाले. कोंडलेली हवा एकदा या काठाने, एकदा त्या काठाने निसटत होती. पुढे छत्रीच्या माथ्यास भोक ठेवण्यात आले, हवेला वाट मिळाली आणि झोके कमी झाले. ज्या कापडावर जीव टांगावयाचा त्यास मुद्दाम भोक पाडावे, ही युक्ती प्रथम ऐकणाऱ्यास वेडेपणाचीच वाटली असेल!

योगायोग असा की, त्याच 1797 साली मुंबई इलाख्याच्या फौजेत एक पायदळ पलटण उभी राहिली. पहिल्या महायुद्धात कूत-अल्-अमाराच्या वेढ्यात तिने उपासमार सोसली. तेव्हा तिचे नाव 110 वी मराठा लाइट इन्फंट्री असे होते. दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण म्हणून ती 1941 साली केरेनच्या डोंगरांत लढली. आणि इटलीत 10 जुलै 1944 रोजी धारातीर्थी पडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे नाईक यशवंत घाडगे हे याच पलटणीचे. महायुद्ध संपल्यानंतर तिला छत्रीधारी करण्यात आले. 1948 च्या मार्चमध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या हाताखाली झांगर परत घेणाऱ्या ब्रिगेडमध्ये ती होती. मात्र तेथे ती जमिनीवरूनच लढली. 1952 साली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण हे नवे नाव तिला मिळाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हिंदुस्थानात छत्रीसैनिकांची पहिली ब्रिगेड 1941 च्या ऑक्टोबरात स्थापन झाली. तिची पद्धत ब्रिटिश सैन्याची होती, आणि त्या पद्धतीत शिपायाजवळ एकच छत्री असे. पाठीवरील छत्रीचा पट्टा विमानातील तारेस अडकवावयाचा. शिपाई बाहेर पडला की त्याच्याच वजनाने पट्टा ताणला जाऊन छत्री बाहेर ओढली जाई. शिपायाने काही करावयाचे नसे, आणि छत्री फसली तर त्यास काही करता येतही नसे. कापड न फुलता दोरीसारखे पिळलेलेच राहिले तर त्या अपघातास गोरे सोल्जर ‘रोमन कँडल’ म्हणत. रोमन कँडल म्हणजे शोभेचे दारूकाम! दुसरी छत्री देण्यास खर्च होता, विमानात जागा कमी होती, आणि इतक्या कमी उंचीवर ती उघडण्यास अवधी मिळेल की नाही याचीही शंका होती. हजार-बाराशे फुटांवरून मनुष्य आधाराविना पडला तर नऊदहा सेकंदांत सारे संपते. तरीही खर्चाचे कारण मला या तिहींत सर्वांत कमी पटते. 1944 साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रेशमी छत्र्या पुरेनात, म्हणून जनरल स्लिम यांनी कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या. त्यांतून केवळ सामान टाकीत. पोते फुटले तर धान्य सांडते, एवढा फरक तेथे सर्वांस कळत होता.

पुढे छातीवर दुसरी छत्री आली आणि तिच्याबरोबर शिपायाच्या हाती एक मूठ आली. उडी घेतल्यावर त्याने चार आकडे मोजावयाचे व मान वर करून पाहावयाचे. डोक्यावर कापडाचा पूर्ण घुमट नसेल तर मूठ ओढावयाची. आकडे मोजणे बाळबोध वाटते खरे, परंतु भ्यालेल्या मनास वेळेचे भान राहत नाही, एक सेकंद त्यास दहांसारखा वाटतो. म्हणून ही गणती.

11 डिसेंबर 1971 रोजी दिवस मावळण्याच्या सुमारास ही पलटण, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली, पूर्व बंगालात टांगाईलजवळ उतरली. तोफा व इतर साथीदार धरून माणसे सात-आठशे असावीत. शत्रूची दिशाभूल व्हावी म्हणून अन्यत्र बाहुलेही टाकण्यात आले. या उडीत एका जवानावर विलक्षण प्रसंग गुदरला. त्याचा पट्टा पॅकेट विमानापासून सुटेना, आणि तो विमानामागे वाऱ्यात लोंबकळत राहिला. त्यास आत ओढून घेता येईना. अखेर पट्टा कापण्यात आला आणि दुसऱ्या छत्रीच्या बळावर तो आपल्या सोबत्यांपासून दूर सुखरूप उतरला. पट्टा कापणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्या एका गोष्टीने तो मनुष्य जगाशी बांधलेला होता तीच तोडावयाची होती, आणि भरवसा होता तो न उघडलेल्या कापडावर. पलटणीने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून जमिनीने येणारी पहिली मराठा पलटण तिला येऊन मिळाली. मराठ्यांची मराठ्यांशी ती भेट रायगड-साताऱ्यापासून किती दूर झाली!

हौसेने उडी घेणाऱ्यांचे शास्त्र याहून पुढे गेले आहे. 1919 च्या एप्रिलात लेस्ली अर्विन या तरुणाने अमेरिकेत स्वतःच्या हाताने दोरी ओढून छत्री उघडून दाखविली. मोकळा पडणारा मनुष्य बेशुद्ध होतो हा समज त्याने त्या दिवशी मोडला आणि जमिनीवर टेकताना घोटाही मोडून घेतला. आज उड्या बारा-तेरा हजार फुटांवरून होतात. मुळीच न उघडणाऱ्या छत्रीपेक्षा अर्धवट उघडणारी छत्री अधिक घातकी, असे मला वाटते. पहिलीत संशयास जागा नसते. दुसरी मात्र थोडासा आधार देते, आणि मनुष्य ती नीट करण्यात गुंततो. दोऱ्यांस नुसता पीळ पडला असेल तर सायकल चालविल्यासारखे पाय मारून तो सोडविता येतो. परंतु ठरलेल्या उंचीपर्यंत, बहुधा अडीच हजार फुटांपर्यंत, ती सुधारली नाही तर ती तोडून टाकावी व दुसरी उघडावी, हाच नियम. क्रम चुकला तर दुसरी छत्री पहिलीतच गुरफटण्याची भीती. एका ओढीत पहिली छत्री सुटावी म्हणून गेल्या शतकाच्या आठव्या दशकात बिल बूथ या अमेरिकन गृहस्थाने तीन कड्यांची एक सोपी जुळणी काढली. तिच्या पायी किती प्राण वाचले असतील!

पुण्याच्या शीतल महाजन यांनी 18 एप्रिल 2004 रोजी उत्तर ध्रुवावर आपली पहिलीच उडी घेतली. हेलिकॉप्टर 2400 फुटांवर होते आणि थंडी शून्याखाली 37 अंश. 2011 साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि 2018 साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली. वृत्तपत्रांनी नऊवारीचे कौतुक केले, ते योग्यच. मला मात्र ते चित्र पाहताना काळजी वाटली ती पदराची, कारण वाऱ्यात फडफडणारे सैल कापड मुठीच्या आड आले तर हात तिच्यापर्यंत पोचावयाचा कसा? ज्यांनी तो पदर खोचला व आवळला, त्यांचे नाव कोणत्याही बातमीत माझ्या वाचनात आले नाही.

राखीव छत्रीची घडी घालण्याचे काम परवाना मिळविलेल्या माणसाकडे असते. अमेरिकेत नियम असा की, ती वापरली गेलेली नसली तरी 180 दिवसांच्या आत उलगडावी, हवेशीर टांगावी, शिवण न् शिवण तपासावी, पुन्हा घडी घालावी आणि घडी घालणाऱ्याने आपली मोहोर लावावी. बहुतेक छत्र्यांची ती मोहोर पुढच्या घडीपर्यंत कोणी तोडीत नाही.