आडनाव नसलेला घोडेस्वार

आपल्याकडे अनोळखी माणूस गावात आला की पाणी विचारण्याआधी त्याला आडनाव विचारलं जातं. दुसरबीड असो की सिंदखेडराजा, चहाच्या टपरीपासून भाड्याच्या खोलीपर्यंत हाच प्रश्न. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मामाचं गाव विचारतात, आणि जात कळेपर्यंत चौकशी थांबत नाही. स्वस्तातल्या काउबॉय सिनेमांबद्दल बोलताना हे ध्यानात ठेवावं, असं आम्हाला वाटतं.

१९६४ साली सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला. खर्च साधारण दोन लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने चिल्लर. अमेरिका दाखवायची, पण चित्रीकरण स्पेनच्या माळरानावर. नायक क्लिंट ईस्टवूड तेव्हा टीव्ही मालिकेतला नट. गोष्टसुद्धा स्वतःची नव्हती, कुरोसावाच्या १९६१ सालच्या 'योजिम्बो'वरून उचललेली. जपानी कंपनीने दावा केला आणि मोबदला वसूल केला. गावात दोन घराणी माजलेली, एक दारू विकणारं, दुसरं बंदुका. मधल्या गरिबाचं मरण. तिथे एक परका येतो, दोघांना एकमेकांशी झुंजवतो आणि निघून जातो. त्याला नाव नाही, कुळ नाही, बापाची जमीन नाही. त्याची किंमत फक्त त्याच्या हातातल्या कसबावर ठरते. ज्याची किंमत जन्मावर ठरवली गेली, अशा पोराला हा माणूस आवडणारच. तो बंदुकीसाठी टाळ्या वाजवतो असं समजणाऱ्यांना त्या टाळ्या कळलेल्या नाहीत.

यावर आमचेच काही मित्र म्हणतात, हे सिनेमे तर मूळनिवासींच्या कत्तलीचं कौतुक करणारे. खरं आहे. हॉलिवूडच्या असंख्य काउबॉयपटांत रेड इंडियन म्हणजे गोळी खाऊन घोड्यावरून पडणारा माणूस, एवढाच. ज्यांची जमीन गेली तेच खलनायक ठरवले. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच काळात, १९१५ साली, 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. त्यात गोऱ्यांच्या कू क्लक्स क्लॅनचे घोडेस्वारच तारणहार दाखवले होते. घोडा कोणाचा आणि त्याच्या टापांखाली कोण, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पण काळ्या माणसांनी घोडा सोडून दिला नाही. १९३७ साली हर्ब जेफ्रीज या गायकाला नायक करून 'हार्लेम ऑन द प्रेअरी' निघाला. सगळे प्रमुख नट काळे, प्रेक्षकही काळे, कारण अमेरिकेत थिएटरंसुद्धा वेगवेगळी होती. पाठोपाठ १९३९ साली 'द ब्रॉन्झ बकारू' आला. पैसा नव्हता. चित्रीकरण कॅलिफोर्नियात एका काळ्या कुटुंबाच्या मालकीच्या रँचवर होई. जेफ्रीज एक आठवण सांगत. एक काळा पोरगा रडत होता, कारण खेळात त्याला टॉम मिक्स व्हायचं होतं आणि सोबतची पोरं म्हणत होती की टॉम मिक्स काळा नसतो. त्या पोराला स्वतःचा घोडेस्वार पाहिजे होता. अर्थात, या सिनेमांमागचं भांडवल मुख्यतः गोऱ्या निर्मात्यांचं होतं, हेही विसरू नये. पडद्यावर आपला माणूस आणि गल्ल्यावर दुसरा, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

महाराष्ट्रात या सिनेमाचा सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे स्टंटपट. १९३५ साली वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' आला. घोड्यावर नादिया, हातात चाबूक. शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली, पण गिरणी कामगारांनी थिएटरं भरली. आणि अमरावतीत १९१३ साली जन्मलेले, गिरणी कामगाराचे पुत्र भगवान पालव यांनी कमी खर्चात असेच मारधाडीचे सिनेमे काढले. १९३८ चा 'बहादूर किसान' त्यांतलाच. पुढे १९५१ च्या 'अलबेला'ने त्यांना सगळ्यांनी ओळखलं, पण त्याआधीचं त्यांचं काम कामगारवस्तीसाठी होतं. प्रेक्षकांसाठी ते मास्टर भगवान होते, आडनावाशिवाय! मराठी सिनेमाच्या इतिहासात प्रभातच्या संतपटांवर पानंच्या पानं, आणि या स्टंटपटांना जेमतेम चार ओळी. इतिहास कोण लिहितो यावर ते अवलंबून असतं. आमच्या भागातली साठी ओलांडलेली माणसं जत्रेतल्या तंबू टॉकीजची गोष्ट सांगतात, तेव्हा त्यांना मारामारीच आठवते. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

हिंदीत हा प्रकार 'मेरा गांव मेरा देश' (१९७१) आणि 'खोटे सिक्के' (१९७४) असा येत येत १५ ऑगस्ट १९७५ च्या 'शोले'पर्यंत पोचला. 'शोले' स्वस्तातला नव्हता, पण रक्त तेच. इथे मात्र एक बदल झाला, आणि तो नीट बघा. जय आणि वीरूला आडनाव नाही. ठाकूर बलदेव सिंगला मात्र जात नावातच आहे. लिओनेचा परका गावातल्या मालकांना झुंजवून संपवतो. आपले दोघे परके गावच्या मालकासाठी लढतात, त्याच्या पैशावर, त्याच्या सुडासाठी. एक मरतो, दुसरा गाव सोडतो, ठाकुराची हवेली तिथेच राहते. रामगढमध्ये मशीद आहे, देऊळ आहे, टांगेवाली आहे. महारवाडा कुठे आहे? गब्बर गेल्यावर रामगढचं धान्य कोणाच्या कोठारात जाईल, हे सिनेमा विचारत नाही.

अण्णाभाऊंनी ते विचारलं होतं, 'शोले'च्या कितीतरी आधी. 'फकिरा' कादंबरी १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. तिच्यावर १९६३ साली सिनेमाही निघाला. फकिरा मांग आहे, घोड्यावर आहे, आणि दुष्काळात उपाशी वस्तीसाठी धान्य लुटतो. या घोडेस्वाराला नाव आहे, जातही आहे, आणि ती लपवायची त्याला गरज वाटत नाही. परक्याच्या निनावीपणात आपल्याला जी मोकळीक सापडली, तिच्या पुढची ही पायरी आहे.

२०१८ साली गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा बाळगत होता आणि त्यावर बसत होता म्हणून त्याला मारलं, अशी घरच्यांची तक्रार होती. आजही लग्नात नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वराती अडवल्या जातात, दगडफेक होते, पोलीस बंदोबस्त लागतो. जेफ्रीजच्या गोष्टीतल्या पोराला घोडा निदान खेळात तरी हवा होता. आपल्या पोरांना तो गावच्या रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हवा आहे.