गाडी तपासणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा



गेल्या श्रावणात आमच्या ग्रामसंघाच्या टेम्पोचं पासिंग आलं. टेम्पो म्हणजे सगळे ज्याला छोटा हत्ती म्हणतात ती गाडी. आम्ही ती जुनीच घेतली. गटांचे पापड, शेवया, मसाला आणि भाजी तालुक्याच्या बाजाराला तीच नेते. तिचा हप्ता अजून चालू आहे. गाडी चार दिवस उभी राहिली की तेवढ्या बाजाराचे पैसे बुडतात, हे आम्हाला पाठ झालंय.

पासिंगच्या आधी एकदा दाखवून घ्यावी म्हणून ड्रायव्हरदादाने गाडी गॅरेजला नेली. संध्याकाळी मिस्त्रीने कागदाच्या चिठोऱ्यावर यादी पाठवली. क्लच प्लेट, इंजिनचं हेड खोलणं, ब्रेकचे लायनर, स्टिअरिंगचं काम, एक हेडलाइट, सीटचं कव्हर. खाली आकडा, ३८ हजार. आणि तोंडी निरोप: "ताईंना सांगा, एवढं केल्याशिवाय पासिंग होत नाही."

बैठकीत चिठ्ठी वाचली. सगळ्या गप्प. आमच्या कोषाध्यक्ष मावशी कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी नेमकं विचारलं, "हे सगळं पासिंगला लागतं म्हणून सांगतोय, का त्याला विकायचंय म्हणून?" सगळ्या हसल्या. पण उत्तर कुणालाच देता येईना, मलाही नाही. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. तेव्हा मी माझ्या सवयीने मागे गेले. यंत्र तपासायची पद्धत कुठून आली, तपासणारा कोण होता, हे शोधत बसले. मला जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

गोष्ट मोटारीच्या आधीची आहे, वाफेच्या बॉयलरची. आपल्याकडे साखर कारखान्याचा हंगाम सुरू होताना बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, पूजा होते, नारळ फुटतो. त्या बॉयलरमध्ये वाफ कोंडलेली असते. पत्रा गंजला, झडप अडकली, की तो बॉम्बसारखा फुटतो. १८६३ साली कलकत्त्यात असाच मोठा स्फोट झाला आणि माणसं मेली. दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, तिथे बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ मध्ये देशासाठी बॉयलरचा एक कायदा आला.

त्याच सुमाराला, १८६५ मध्ये, जर्मनीत मानहाइम गावी एका बिअरच्या कारखान्यात बॉयलर फुटला. तिथल्या कारखानदारांनी १८६६ मध्ये एकत्र येऊन एक संस्था काढली. वर्गणी सगळ्यांची आणि तपासनीस संस्थेचा. हा तपासनीस बॉयलर विकायचा नाही आणि दुरुस्तीही करायचा नाही. तो फक्त बघायचा आणि सांगायचा. मैत्रिणींनो, मला तर हे वाचताना आपला बचत गटच आठवला. एकेकटीला परवडत नाही ते दहाजणी मिळून करतो, तसंच हे झालं. अशा संस्था जर्मनीत ठिकठिकाणी निघाल्या, आणि पुढे मोटारी आल्या तेव्हा मोटारी तपासायचं कामही त्यांच्याकडेच आलं. त्यांना तिकडे ट्यूफ म्हणतात. १९५१ पासून जर्मनीत ठराविक मुदतीने गाडीची तपासणी सक्तीची आहे. पुष्कळदा तपासनीस गॅरेजमध्ये येऊनच गाडी बघतो, पण तो गॅरेजवाल्याचा माणूस नसतो. गाडी नापास झाली तरी दुरुस्तीच्या बिलातलं काही त्याच्या खिशात जात नाही.

इंग्लंडने वेगळा रस्ता धरला. तिथे १९६० मध्ये जुन्या गाड्यांची चाचणी सुरू झाली. आधी दहा वर्षांवरच्या गाड्यांना, म्हणून लोक तिला दहा वर्षांची चाचणीच म्हणत. बघायचं काय, तर ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. इतक्या गाड्या नापास झाल्या की १९६१ मध्येच दहाची अट सातवर आणली, आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर. तिला आजही एमओटी म्हणतात. ही त्या वेळच्या वाहतूक खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. खात्याचं नाव बदललं, चाचणीचं तेच राहिलं.

पण सरकारने ही चाचणी करायचा परवाना गॅरेजनाच दिला. म्हणजे जो नापास करणार, तोच दुरुस्तीचं बिल लावणार. आता आपल्याला हे कळायला इंग्लंडला जायला नको. दूध डेअरीवर घालताना फॅट कोण काढतं? जो दूध विकत घेतो तोच. कांदा मोजायला काटा कोण धरतं? माणूस खोटा असेलच असं नाही. पण ज्याच्या हातात काटा आहे त्याचाच फायदा काट्यात असेल, तर घेणाऱ्या-देणाऱ्याच्या मनात शंका कायम राहते. प्रामाणिक माणसावरही राहते.

इंग्रजांनी या शंकेवर उपाय काय काढला? एक, नापास केलं तर कारणं लेखी द्यायची. दोन, ती गाडी त्याच गॅरेजमध्ये दुरुस्त करायची सक्ती नाही, कागद घेऊन दुसरीकडे जाता येतं. तीन, निकाल पटला नाही तर सरकारकडे दाद मागता येते. काही नगरपालिका स्वतःच्या गाड्या तपासायला केंद्रं चालवतात, तिथे सामान्य माणसालाही जाता येतं. तिथे लोकांच्या गाड्यांची दुरुस्ती सहसा होत नाही, म्हणून दोष शोधून काढण्यात कुणाचा फायदाही नसतो. आणि २०१८ पासून तिथे दोषांची वर्गवारीही करतात: धोकादायक, मोठा आणि किरकोळ. त्याशिवाय नुसती सूचना असते, की हे अजून चालेल पण लक्ष ठेवा. किरकोळ दोष आणि सूचना यांमुळे गाडी नापास होत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. मग १९३९ चा. त्यात मालाच्या आणि प्रवाशांच्या धंद्याच्या गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र सक्तीचं झालं. आपण ज्याला पासिंग म्हणतो ते हेच. सध्याचा कायदा १९८८ चा, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. नियम असा, की धंद्याची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करायचं. घरच्या वापराच्या कारला नोंदणीची पंधरा वर्षं मिळतात, मग दर पाच वर्षांनी तपासून नूतनीकरण.

आपल्याकडे हे काम आरटीओच्या निरीक्षकाचं. तो दुरुस्ती विकत नाही. म्हणजे कागदावर आपण जर्मनीच्या बाजूचे. पण आपल्याकडे भोक दुसरीकडे पडलं. तपासणारा वेगळा होता, पण तो खरंच तपासतो का? २०१३ मध्ये श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, की आरटीओमध्ये नीट तपासणी न करताच प्रमाणपत्रं दिली जातात. ब्रेक बघायचा तर गाडी पळवून थांबवायला हवी, आणि त्यासाठी अडीचशे मीटरचा सरळ रस्ता लागतो. पुष्कळ कार्यालयांकडे तो नव्हताच. न्यायालयाने सरकारला असे ट्रॅक बांधायला लावले. एका नागरिकाच्या याचिकेने राज्यभरच्या आरटीओंना जागा शोधायला लागली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्यानंतर २०२१ मध्ये केंद्र सरकारने यंत्रावर तपासणी करणाऱ्या केंद्रांचे नियम काढले. ही केंद्रं खासगीही असू शकतात. पण नियमात स्पष्ट लिहिलंय, की केंद्र फक्त तपासणी करेल. गाड्यांची दुरुस्ती, गाड्यांची किंवा सुट्या भागांची विक्री, यातलं काही करणार नाही. हे वाचलं आणि मला मावशींचा प्रश्न आठवला. मानहाइमच्या कारखानदारांना जे कळलं, ते त्यांना बैठकीत बसल्या जागी कळलं होतं.

मग आम्ही काय केलं ते सांगते.

आधी नियमातली यादी मिळवली. पासिंगला काय बघतात ते केंद्राच्या नियमांत लिहिलेलं आहे. हेडलाइटचा झोत, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काच, वायपर, हॉर्न, सायलेन्सर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर आणि स्टिअरिंग. त्या यादीशेजारी मिस्त्रीची यादी ठेवली. क्लच प्लेट त्यात नाही. सीटचं कव्हर तर नाहीच. मग दुसऱ्या गावच्या एका मिस्त्रीकडे गाडी नेली आणि सुरुवातीलाच सांगितलं, "दादा, दुरुस्ती तुमच्याकडे करणार नाही. फक्त बघा आणि सांगा. बघायचे तीनशे रुपये देतो." तो हसला, पण त्याने अर्धा तास गाडीखाली घालवला. त्याने सांगितलं, ब्रेकचे लायनर संपलेत, स्टिअरिंगच्या जोडात खेळ आहे, हेडलाइट बदला. इंजिनचं हेड खोलायची आत्ता गरज नाही. क्लच अजून थोडे महिने जाईल.

मैत्रिणींनो, यातलं एक मला नीट सांगायचंय. पहिल्या मिस्त्रीने ब्रेक आणि स्टिअरिंग बरोबर सांगितलं होतं. आम्ही चिडून सगळीच यादी फाडली असती, तर घाटात काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. ड्रायव्हरदादाची दोन लहान मुलं आहेत. म्हणून ते काम आम्ही पहिल्याच गॅरेजला दिलं, पण तेवढंच. नऊ हजारांत झालं. गाडी पहिल्या फेरीत पास झाली.

आणि अजून एक. पाच महिन्यांनी क्लच गेलाच. ऐन बाजाराच्या दिवशी. तेव्हा एका ताईंनी मला टोमणा मारला, "बघा, मिस्त्री खरं बोलत होता." हो, क्लचबद्दल खरं बोलत होता. पण क्लच "पासिंगसाठी" लागतो हे खरं नव्हतं. सर्व्हिसिंग आणि पासिंग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑइल बदलणं, फिल्टर, क्लच हे गाडीच्या आयुष्यासाठी. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग हे रस्त्यावरच्या माणसांच्या आयुष्यासाठी. दोन्ही करावंच लागतं. पण पहिलं काम दुसऱ्याची भीती घालून आपल्या गळ्यात मारलं, की आपण हिशोबाने ठरवत नाही, घाबरून ठरवतो. क्लचसाठी आम्ही तेव्हाच महिन्याला थोडे पैसे बाजूला काढायला हवे होते. ती चूक आमची.

आता आमच्या ग्रामसंघात ठराव झालाय. गाडीची एक वही आहे. मिस्त्रीने काहीही सांगितलं की वहीत तीन रकान्यांत लिहायचं: आत्ताच हवं, सहा महिन्यांत हवं, बघत राहू. कोणतं काम पासिंगसाठी आणि कोणतं गाडीसाठी, हे त्याच्याच तोंडून विचारून लिहायचं. बदललेला जुना भाग परत मागायचा. बिल पक्कं घ्यायचं. दहा हजारांच्या वरचं काम असेल तर दुसऱ्याला दाखवल्याशिवाय होकार नाही. आणि आरटीओत किंवा केंद्रावर गाडी नाकारली, तर कारण लेखी मागायचं. एजंटने "साहेब नाही म्हणाले" सांगितलं, तर ते कारण धरायचं नाही. नाकारल्याची कारणं मालकाला लेखी द्यायची, असं १९८८ च्या कायद्याच्या कलम ५६ मध्येच म्हटलंय. ते मागणं म्हणजे भांडण नव्हे.

तुम्हाला यात नवीन काही वाटणार नाही, कारण आपण हे रोज करतोच. गटाचा हिशोब जी लिहिते, तिच्याकडून आपण तो तपासून घेत नाही. दुसरी बाई तपासते. लिहिणारीवर आपला विश्वास नसतो म्हणून नव्हे, तर उद्या तिच्यावर कुणी बोट दाखवू नये म्हणून. मिस्त्रीलाही तोच न्याय लावायचा. पहिला मिस्त्री अजूनही आमची गाडी बघतो. फरक इतकाच, की आता चिठ्ठी पाठवताना तो स्वतःच खाली लिहितो: "पासिंगला एवढं. बाकी सवडीने."

तुमच्या गटाची गाडी असेल, पिठाची गिरणी असेल, मसाल्याचं यंत्र असेल, तर पुढच्या बैठकीत ही वही काढाच.