परिसर आणि पाठ : अभ्यासक्रमातील सिंदखेडराजा

राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा आराखडा कोणत्याही वर्गात थेट शिकविला जात नाही. आराखडा, राज्याचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक आणि अध्यापन अशा चार टप्प्यांतून तो जातो, आणि प्रत्येक टप्प्यावर आधीच्या संहितेचे नवे वाचन घडते. या वाचनांत काय टिकते व काय गळते, हे बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाच्या आधारे तपासता येईल.

हा जिल्हा वऱ्हाडातला. १९०३ मध्ये मध्य प्रांताशी जोडल्या गेलेल्या वऱ्हाडाचा कारभार १९५६ पर्यंत नागपुरातून चाले; मराठी शाळा असूनही त्या मुंबई इलाख्याच्या शिक्षणव्यवस्थेबाहेर होत्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि राज्याला समान पाठ्यपुस्तकांची यंत्रणा मिळाली. त्याच सुमारास कोठारी आयोग (१९६४-६६) व १९६८ चे धोरण यांनी देशासाठी समान शैक्षणिक आकृतिबंध मांडला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. केंद्राचा अधिकार वाढला. राज्याच्या शाळांसाठी पुस्तक लिहिण्याचे काम मात्र राज्याकडेच राहिले. राष्ट्रीय अभ्यासक्रमाचे खरे भाष्यकार म्हणून राज्याकडे पाहावे लागते ते यामुळेच.

२००५ च्या राष्ट्रीय आराखड्याने शालेय ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडण्याचे तत्त्व मांडले. राज्याचा २०१० चा आराखडा आणि २०१२ चा प्राथमिक अभ्यासक्रम यांतून २०१४ मध्ये तिसरी-चौथीची नवी पुस्तके आली. तिसरीचे ‘परिसर अभ्यास’ जिल्ह्यागणिक स्वतंत्र होते. चौथीच्या ‘परिसर अभ्यास भाग दोन’मध्ये सर्व राज्यासाठी एकच शिवचरित्र होते.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ लक्षणीय आहेत. तिसरीत सिंदखेडराजा हा मुलाच्या जिल्ह्याच्या नकाशावरील तालुका असतो. चौथीत तो जिजाबाईंचे माहेर म्हणून येतो आणि कथन शिवनेरी, पुणे, राजगड, रायगड असे पुढे सरकते. पहिला परिसर अंतराने ठरतो, दुसरा सामायिक स्मृतीने. राष्ट्रीय आराखड्यातील ‘परिसर’ राज्याच्या संहितेत अस्मितेच्या रूपाने अवतरतो. चौथीत शिवचरित्र शिकविण्याची जुनी परंपरा नव्या परिभाषेत सुखाने नांदते.

या भाषांतराची किंमत स्थानिक इतिहास मोजतो. लखुजी जाधवांची १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशाही दरबारात हत्या झाली. त्यांची भव्य समाधी सिंदखेडराजात उभी आहे. निजामशाही आणि मोगल सत्ता यांच्यामधील सरदारकीचे ताण त्या वास्तूतून वाचता येतात. राज्यव्यापी कथनात मात्र हे जाधव घराणे उपकथानकापुरतेच उरते. समाधीपाशी वर्ग नेणारा शिक्षक चौथे वाचन पुरे करतो. तो न गेल्यास सिंदखेडराजाच्या मुलाला आपले गाव दुसऱ्या कोणाच्या कथेचा आरंभ म्हणूनच माहीत होते.