राईचा जीर्णोद्धार

कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीतील गावांत ग्रामदेवतेचे देऊळ व त्याभोवतीची राई यांना पूर्वजांनी कधीच वेगळे मानले नाही. कोठे तिला देवराई म्हणतात, कोठे देवरहाटी, कोठे नुसते बन. पण नेम बहुतेक ठिकाणी एकच. राईतले झाड तोडावयाचे नाही, वाळलेली काटकीदेखील घरी न्यावयाची नाही. अगदीच गरज पडली तर देवीला कौल लावावयाचा आणि तिने उजवा दिला तरच कुऱ्हाड उचलावयाची.

हा नेम परक्यांच्याही नजरेत भरला होता. १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रँडिस यांनी १८९७ साली देशातील देवरायांविषयी लिहिले. अशी वने जवळजवळ सर्व प्रांतांत आढळतात, त्यांना सहसा कुऱ्हाड लागत नाही, फक्त देवस्थानाच्या दुरुस्तीसाठी लाकूड लागले तर अपवाद केला जातो, असे त्यांनी नोंदविले आहे. देवळाचे खांब, तुळया, वासे राईने द्यावेत आणि राईचे रक्षण देवाने करावे, असा हा परस्परांचा व्यवहार होता.

पुढे काळ बदलला. सिमेंट आणि लोखंडाची देवळे उभी राहू लागली. त्यांना राईचे लाकूड लागेना. लागू लागला तो पैसा. गावोगाव रस्ते पोहोचले, त्यांवरून लाकडाचे व्यापारी आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक ठिकाणी जीर्णोद्धाराच्या खर्चासाठीच राई विकली गेली. शिखरावर नवा कळस चढला, परंतु ज्या सावलीत देवी शतकानुशतके बसली होती ती सावली गेली. ही गोष्ट कटू असली तरी जीर्णोद्धाराच्या प्रसंगीच तिचे स्मरण ठेवणे योग्य होय.

सर्वच गावांनी असे केले नाही. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे गाव आहे. १९७० च्या सुमारास तेथील काळकाईच्या राईवर तोडीचे संकट आले. गावाचे पाणी याच राईतून वाहणाऱ्या ओढ्याचे. राई गेली तर ओढा आटेल हे ग्रामस्थांनी ओळखले. त्यांनी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांच्याकडे धाव घेतली आणि ती तोड टळली. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये पश्चिम घाटातील देवरायांवर निबंध प्रसिद्ध केला. अडाणी समजुतीने राखलेली रानेच मूळच्या वनस्पतींची कोठारे ठरली, हे त्यामुळे विद्वानांनाही पटले.

उरलेली राई राखणे हे पहिले काम, आणि विरळ झालेली राई पुन्हा भरून काढणे हे दुसरे. त्याला पैशापेक्षा श्रमदान अधिक लागते. गुरे आत शिरू नयेत म्हणून गडगा घालावा. वणवा येऊ नये म्हणून उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढावी. अमेरिकेतून आलेली रानमोडी आणि घाणेरी कोवळ्या रोपांचा गळा दाबतात. रानमोडीचे बी वाऱ्यावर उडते, म्हणून पावसाळा संपताच, फुलावर येण्यापूर्वी, ती मुळासकट उपटावी लागते. रोपे शोभेच्या गुलमोहराची किंवा नीलगिरीची नकोत. ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ, सुरंगी अशी याच मातीतली हवीत. बी जवळच्याच राईतील जुन्या झाडांखालून वेचावे. जांभळाचे बी फार दिवस टिकत नाही, ते लगेच पेरावे. गळालेला पाचोळा झाडून टाकू नये किंवा जाळू नये; पावसाचे पाणी जिरविण्याचे काम तोच करतो.

आणि जुना वृक्ष उभा असेल तर त्याला हात लावू नये. त्याच्या ढोलीत धनेश पक्षी घर करतो आणि वडा-उंबराची फळे खाऊन त्यांचे बी रानभर पसरवितो. लावलेल्या रोपाला ती ढोली पडण्यास माणसाच्या कित्येक पिढ्या जाव्या लागतील.

देऊळ काही वर्षांत बांधून होते. राई मात्र लावणाऱ्याच्या हयातीत पुरी होत नाही. आज खड्डे खणणाऱ्या हातांना तिची गर्द सावली मिळणार नाही, ती नातवंडांना मिळेल. पूर्वजांनीही याच हिशेबाने राई राखली होती. त्यांचे हे ऋण फेडण्याची बुद्धी आणि बळ सर्व ग्रामस्थांना लाभो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.